आधी पुठ्ठा, मग पाना: ऑफरोड गाडीत रेडिओची जागा आणि तिचा खर्च

जुलैतला रविवार होता. मुळशीच्या पुढे आमच्या तीन गाड्या एका ओढ्यात उतरल्या. पाणी गुडघाभर, पाऊस धो धो. ओढ्याच्या मधोमध पोहोचलो आणि सीटखाली बसवलेला माझा रेडिओ मुका झाला. पाण्याखालचा एक दगड नुकताच माझ्या चाकाला लागला होता आणि मागच्या गाडीला "डावीकडून ये" एवढे दोनच शब्द सांगायचे होते. शेजारी बसलेला भाऊ खिडकीतून हात हलवत ओरडत राहिला. पावसात ना हात दिसला, ना आवाज पोहोचला. मागची गाडी त्याच दगडावर चढली आणि अडकली.

सेट चांगला होता. अँटेनाही चांगला होता. चुकली होती ती जागा, आणि ती निवडायला मी पाच मिनिटंही दिली नव्हती. सेट घेताना मात्र दोन महिने घासाघीस केली होती.

त्यानंतर माझ्या आणि मित्रांच्या मिळून बऱ्याच गाड्यांत रेडिओ बसवले, काढले, पुन्हा बसवले. त्या अनुभवातून जे पटलं ते इथे मांडतो आहे: जागा कशी निवडायची, त्यासाठी काय लागतं आणि किती पैसे जातात. खाली दिलेले सामानाचे आणि मजुरीचे भाव ढोबळ अंदाज आहेत. शहर, दुकान आणि ब्रँडप्रमाणे ते वरखाली होतील. तुमच्या बजेटची आखणी करायला मात्र ते पुरेसे आहेत.

परवान्यावर जागा ठरते

जागेचा विचार करण्याआधी कोणता रेडिओ वापरायची तुम्हाला मुभा आहे, हे पाहा. कारण सेटचा प्रकार बदलला की जागाही बदलते.

बिनपरवाना वाट सर्वांत सोपी. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी शक्तीचे वॉकीटॉकी २०१८ च्या नियमांनुसार परवान्याशिवाय वापरता येतात. मात्र त्या मॉडेलला दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेचं ईटीए प्रमाणपत्र असावं लागतं. ऑनलाइन मिळणारे अनेक सेट या पट्ट्याबाहेर चालतात आणि त्यांना परवाना लागतो, हे ग्राहकाला कुणी सांगत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला २०२५ मध्ये अशा विक्रीबद्दल मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या, त्या याचमुळे. खरेदीआधी विक्रेत्याकडे दोनच गोष्टी मागा: वारंवारितेचा पट्टा आणि ईटीए क्रमांक. दोन्ही न देणाऱ्याकडून घेऊ नका.

२६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झचा सिटिझन बँडही ५ वॉटपर्यंत बिनपरवाना आहे, पण अँटेना सेटमध्येच असण्याची अट आहे. या पट्ट्यातली लहर सुमारे ११ मीटर लांब. तिच्यासाठी पाव लहरीचा अँटेना करायचा तर तो पावणेतीन मीटरचा होतो. सेटवरच्या वीतभर अँटेनाने तिथे फारसं साधत नाही. तेव्हा बिनपरवाना म्हटलं की व्यवहारात ४४६ चाच सेट. तो हातातला असतो, त्याचा अँटेना बदलायचा नाही. म्हणजे तुम्हाला फक्त त्याचा स्टँड कुठे लावायचा एवढंच ठरवायचं आहे. ताफ्यातल्या लागोपाठच्या गाड्यांना एकमेकांशी बोलायला एवढं पुरतं.

गाडीत पक्का बसणारा, टपावर अँटेना असलेला, २५ किंवा ५० वॉटचा सेट हवा असेल तर हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा परवाना काढा. वयाची १२ वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही परीक्षा देता येते. 'रिस्ट्रिक्टेड' श्रेणीसाठी मोर्स शिकावा लागत नाही. अर्ज दूरसंचार खात्याच्या 'सरल संचार' पोर्टलवर होतो. परीक्षेची फी १०० रुपये, २० वर्षांच्या परवान्याची १,००० आणि आजीवन परवान्याची २,००० रुपये अशी रचना चालत आली आहे. पैसे भरण्याआधी पोर्टलवरचा चालू आकडा पाहून घ्या. गाडीतून रेडिओ केंद्र चालवण्याची मुभा आणि शक्तीची मर्यादा तुमच्या परवान्यात काय लिहिली आहे, तेही वाचा. आपल्याकडे हॅमना १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे पट्टे मिळतात. गाडीसाठी हेच दोन कामाचे.

दोन गोष्टी विसरू नका. ताफ्यातल्या प्रत्येक बोलणाऱ्याकडे स्वतःचा परवाना हवा. आणि हॅम पट्ट्यावर धंद्याचं बोलणं चालत नाही. पैसे घेऊन सहली काढणाऱ्यांनी वेगळा, संस्थेच्या नावाचा परवाना काढायला हवा.

परदेशी असलेल्या मुला-भावंडांकडून सेट मागवायचा मोह अनेकांना होतो. ऑस्ट्रेलियात ४७७ मेगाहर्ट्झच्या यूएचएफ सीबीला वैयक्तिक परवाना लागत नाही. अमेरिकेत जीएमआरएसचा परवाना ३५ डॉलर भरून, परीक्षा न देता, दहा वर्षांसाठी मिळतो आणि त्यात कुटुंबही येतं. मेलबर्नला किंवा डॅलसला राहणाऱ्यांनी ते तिथे खुशाल वापरावेत. पण ते पट्टे भारतात खुले नाहीत. बॅगेतून आणलेला तो सेट इथे वापरणं बेकायदा ठरतं.

पहिला प्रश्न: बोलणार कोण?

बहुतेक जण डॅशबोर्डवर रिकामी जागा कुठे आहे हे बघतात आणि सेट तिथे डकवतात. उलट्या टोकाने सुरुवात करा. आधी माइकची जागा ठरवा. मग पडद्याची आणि स्पीकरची. सेटच्या डब्याची जागा सर्वांत शेवटी.

आपल्या गाड्यांत ड्रायव्हर उजवीकडे बसतो. गिअर, हँडब्रेक, थारसारख्या गाडीत फोर-व्हीलचा छोटा दांडा, सगळं डाव्या हाताला. दगडधोंड्यांतून गाडी काढताना तो हात कधीच मोकळा नसतो. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये गाडी चालवताना हातात संपर्काचं साधन धरणं धोकादायक चालवण्यात मोडतं. तेव्हा बोलण्याचं काम शेजारच्याचं. माइकचा हुक मधल्या कन्सोलच्या डाव्या अंगाला, शेजारी बसणाऱ्याच्या उजव्या गुडघ्याजवळ लावा. ड्रायव्हर एकटा असेल तर त्याने गाडी थांबवून बोलावं. तेव्हा त्याचाही हात तिथे पोहोचतो.

माइकची गुंडाळी वायर ताणली की किती लांब येते, ते मोजा. हुकातून सुटलेला माइक लोंबकळत पेडलपर्यंत पोहोचत असेल तर ती जागा बाद. ब्रेकखाली माइक अडकणं ही जिवाशी गाठ आहे.

पडदा नजरेच्या रेषेत हवा, पण काचेतून दिसणाऱ्या रस्त्याच्या आड यायला नको. ऑफरोडला ड्रायव्हरला बॉनेटचा कोपरा आणि पुढच्या चाकाचा अंदाज लागतो. डॅशच्या वर उभा केलेला सेट नेमका तोच कोपरा झाकतो.

आवाजाचंही तसंच. बहुतेक सेटचा स्पीकर डब्यातच असतो. डबा सीटखाली किंवा मागे गेला की लो गिअरमधल्या डिझेल इंजिनापुढे काही ऐकू येत नाही. पाचशे ते हजार रुपयांचा वेगळा स्पीकर कानाच्या उंचीला लावला, तर पंचवीस हजारांचा सेट खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो.

पुठ्ठ्याचा सेट

आता माझी सर्वांत आग्रहाची सूचना. सेट घेण्याआधी त्याच मापाचा पुठ्ठ्याचा डबा करा. गाडीत बसणारे सेट साधारण १४-१५ सेंमी रुंद, ४ सेंमी उंच आणि १३ ते १८ सेंमी खोल असतात. मागे पंखा आणि केबलसाठी आणखी ५-६ सेंमी धरा. डब्यात एक-दीड किलो वाळूची पिशवी ठेवा, म्हणजे वजनही खरं होईल. वेटोळ्याची दोरी लावून खोटा माइक करा. तो सगळा संसार तुम्हाला हव्या त्या जागी टेपने चिकटवा आणि एक पूर्ण रविवार त्याच गाडीतून घाट चढा-उतरा.

संध्याकाळपर्यंत सगळं कळतं. गुडघा आपटतो का, ग्लव्ह बॉक्स उघडतो का, शेजारच्याला माइकसाठी वाकावं लागतं का, मागे बसणारा चढताना डब्यावर पाय देतो का. या चाचणीला पन्नास रुपये लागतात. प्लॅस्टिकला पाडलेलं भोक मात्र कितीही खर्च केला तरी बुजत नाही.

एकेक जागा तपासू

डॅशबोर्डच्या वर. हातातल्या सेटचा स्टँड किंवा सुटा होणारा छोटा पडदा इथे शोभतो, तोही मध्यभागी. शेजारच्या सीटसमोरची डॅश वर्ज्य. तिथून एअरबॅग उघडते, पापणी लवायच्या आत, आणि वाटेतली वस्तू माणसाच्या तोंडावर फेकते. पूर्ण सेट इथे ठेवू नका. एप्रिलच्या उन्हात काचेखाली तो तापून निघतो.

डॅशच्या खाली, कन्सोलच्या डाव्या बाजूला. जुन्या जीप, एमएम-५४०, जिप्सी अशा पत्र्याच्या डॅशच्या गाड्यांत ही उत्तम जागा. पट्टी थेट लोखंडाला बसते. नव्या गाड्यांत इथे नुसतं प्लॅस्टिक असतं, म्हणून पट्टी आतल्या धातूच्या सांगाड्यापर्यंत न्यावी लागते. सेटचे धारदार कोपरे गुडघ्याकडे नकोत.

मधल्या बोगद्यावर, कन्सोलच्या आत. दिसायला सुबक, पण बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचा नियंत्रक नेमका तिथे, कन्सोलखालच्या बोगद्यावर असतो. तिथे डोळे झाकून ड्रिल चालवू नका.

ग्लव्ह बॉक्समध्ये. चोरापासून लपतो, पण हवा खेळत नाही. ५० वॉट बाहेर पाठवणारा सेट साधारण तेवढीच किंवा त्याहून जास्त उष्णता अंगावर घेतो. लांब बोलणं झालं की तो स्वतःच शक्ती कमी करतो. २५ वॉटपर्यंतचा सेट, दार उघडं ठेवून, इथे चालून जातो.

सीटखाली. बाजारात सर्वाधिक सुचवली जाणारी आणि आपल्या पावसात सर्वाधिक दगा देणारी जागा. २०२० नंतरच्या थारची पाण्यातून जाण्याची क्षमता ६५० मिमी सांगितली आहे, आणि तिची फरशी धुवून पाणी काढून टाकायला खाली बुचं दिली आहेत. म्हणजे फरशीवर पाणी येणार, हे गाडी बनवणाऱ्यानेच गृहीत धरलं आहे. त्या फरशीवर रेडिओ ठेवणं म्हणजे पाण्याची वाट बघणं. ज्यांची गाडी पाण्यात जात नाही, त्यांनीही सेट फरशीपासून निदान ४-५ सेंमी उचलून, सीटची सरकपट्टी आणि तिथल्याच एअरबॅगच्या वायरी टाळून बसवावा. सीटच्या किंवा बेल्टच्या बोल्टखाली पट्टी अडकवण्याची युक्ती कुणी सुचवली तर नकार द्या. ते बोल्ट तुमच्या जिवासाठी आहेत.

रोल केजला, डोक्यावर. पाण्यापासून दूर, हाताशी, कानाशी. मात्र गाडी उसळली की डोकं तिथेच आपटतं. सेट दोन सीटच्या मध्ये, कोपरे रबराने मढवून आणि केजला भोक न पाडता क्लँपने बसवा.

मागच्या चाकाच्या कमानीवर किंवा मागच्या खांबाला. पडदा सुटा होणारा सेट असेल तर माझी पहिली पसंती हीच. डबा मागे, उंचावर, हवेशीर. पडदा डॅशवर मधोमध, माइक कन्सोलला. जोडणारी केबल पायपुसण्याखालून न नेता दाराच्या उंबऱ्याच्या पट्टीआतून न्या.

कुठेही बसवा, नट नायलॉकचेच वापरा आणि स्प्रिंग वॉशर घाला. प्लॅस्टिकमध्ये पिळलेला स्क्रू खडकाळ वाटेवर दोन रविवारही टिकत नाही. धडकेचा झटका गुरुत्वाच्या तीसपट असेल, तर दीड किलोचा सेट क्षणभर ४५ किलोचा होतो. तो वेलक्रोने धरता येत नाही.

अँटेनाची जागा

पाव लहरीच्या अँटेनाला खाली धातूचा पत्रा लागतो. टपाचा मध्य म्हणूनच सर्वांत चांगला. १४५ मेगाहर्ट्झसाठी अँटेना सुमारे ५० सेंमी, ४३५ साठी सुमारे १७ सेंमी. दोन्ही पट्टे एकाच काडीत हवेत तर दुहेरी अँटेना घ्या.

पण टप पत्र्याचा आहे का? खिशातलं चुंबक लावून बघा. थारचं सॉफ्ट टॉप कापडाचं, आणि चुंबक न चिकटणारा कडक टपही अँटेनाच्या दृष्टीने कापडच. तिथे अँटेना बॉनेटच्या कडेला किंवा मागच्या दाराच्या पत्र्याला क्लँपने लावावा लागतो. पत्रा लांब असतो त्या दिशेला आवाज जास्त जातो. बॉनेटवरच्या अँटेनाने पुढची गाडी स्पष्ट ऐकू येते, मागची थोडी कमी. शेवटी चालणाऱ्या गाडीने अँटेना पुढे लावला तर ताफ्याला फायदा होतो. अँटेनासाठी बुलबार बसवू नका. २०१७ पासून केंद्राने त्यावर बंदीचे आदेश दिले आहेत.

चुंबकाचा तळ स्वस्त आणि भोकाशिवाय बसतो. पण त्याखाली चिखलाचा एक कण जरी गेला तरी रंग खरवडतो, आणि कारवीच्या किंवा बांबूच्या फांदीने तो एका फटक्यात खाली येतो. रानवाटांवर नेहमी जाणाऱ्यांनी स्प्रिंगचा तळ आणि क्लँप घ्यावा.

केबल गरजेपुरतीच ठेवा. साधी आरजी-५८ केबल पाच मीटर असेल तर १४५ मेगाहर्ट्झला सुमारे पाचवा हिस्सा आणि ४३५ ला सुमारे तिसरा हिस्सा शक्ती वाटेतच खर्ची पडते. उरलेली केबल वेटोळं करून सीटखाली कोंबू नका, कापून नवा कनेक्टर लावा. शेवटी, अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते दाखवणाऱ्या एसडब्ल्यूआर मीटरने तपासा. १.५ पर्यंत असेल तर जेमतेम ४ टक्के शक्ती परत येते. ३ झाला की पाव शक्ती परत फिरते आणि सेटला ताप होतो. मीटर विकत घेण्यापेक्षा जवळच्या हॅमकडून तासभर उसना मागा. या छंदातली माणसं आनंदाने मदतीला येतात.

वॉटच्या मागे फार लागू नका. २५ चे ५० वॉट केले तरी समोरच्याला जाणवणारा फरक थोडा असतो. सपाट माळावर दोन मीटर उंचीच्या दोन अँटेनांना एकमेकांची रेषा सुमारे ११-१२ किमीपर्यंत मिळते. घाटात मध्ये एक डोंगराची सोंड आली की ती रेषा तुटते, आणि ती वॉटने जोडता येत नाही.

वायर: इथे काटकसर नको

५० वॉटचा सेट बोलताना १० ते १३ अँपियर ओढतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटचा तेवढा आवाका नसतो. तो सॉकेट फक्त हातातल्या सेटच्या चार्जरसाठी. मोठ्या सेटला थेट बॅटरीतून स्वतंत्र वायर हवी.

किती जाड? हिशोब करून बघा. सेट बॅटरीपासून तीन मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन सहा मीटर तांबं, प्रवाह १२ अँपियर. दीड चौरस मिमीच्या वायरीत ०.८ व्होल्टहून जास्त गळतात. चार चौरस मिमीच्या वायरीत ०.३. इंजिन बंद असताना १२ व्होल्टच्या आसपास आलेल्या बॅटरीवर हा अर्धा व्होल्ट सेट चालू ठेवतो किंवा बंद पाडतो. दुकानात "चार एमएम, मऊ तांब्याची ऑटो वायर" असं मागा. सेट मागे, पाच मीटरवर असेल तर सहा एमएम घ्या.

फ्यूज बॅटरीजवळ, वीतभराच्या आत. सेटजवळचा फ्यूज सेट वाचवतो. वायर घासून पत्र्याला टेकली तर आग थांबवतो तो बॅटरीजवळचा. इंजिनकडून आत येणारी वायर रबरी ग्रोमेटमधूनच न्या. नव्या गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर एक सेन्सर असतो. काळी वायर त्या टोकाला न जोडता बॅटरीची अर्थ जिथे चॅसीला येते, त्या बोल्टला जोडा.

थेट बॅटरीवर जोडलेला सेट ऐकत असतानाही सुमारे अर्धा अँपियर घेतो. चुकून दोन दिवस चालू राहिला तर २४ अँपियर-तास गेले. सोमवारी सकाळी स्टार्टर फिरणार नाही. दोन-चारशे रुपयांचा रिले चावीवर जोडून घ्या.

एलईडी लाइट बार आणि डॅशकॅमचे स्वस्त चार्जर रेडिओत खरखर आणतात. जागा पक्की करण्याआधी सेट तात्पुरता जोडून हे एकेक चालू-बंद करून बघा. अँटेनाची आणि रेडिओची वायर त्यांच्या वायरीपासून लांब नेली की बहुधा काम होतं. नाहीतर शंभर-दोनशेचा फेराइट मणी वायरीवर चढवा.

खर्चाचा हिशोब

अ) बिनपरवाना, हातातले दोन सेट
• ४४६ मेगाहर्ट्झ जोडी: ४,००० ते १०,०००
• दोन स्टँड: ५०० ते १,०००
• गाडीतला चार्जर: ५००
एकूण ५,००० ते ११,५०० रुपये.

आ) हॅम, एका डब्यातला साधा सेट
• सेट: १२,००० ते १५,०००
• अँटेना, चुंबकी तळ, केबल: २,००० ते ४,०००
• वायर, फ्यूज, लग, जाळी: ८०० ते १,५००
• फॅब्रिकेशनवाल्याकडून पट्टी: ४०० ते १,०००
• वेगळा स्पीकर: ५०० ते १,०००
• ऑटो इलेक्ट्रिशियनची मजुरी: १,००० ते २,०००
एकूण १६,७०० ते २४,५०० रुपये.

इ) हॅम, सुटा पडदा, दोन पट्टे
• सेट: ३०,००० ते ५०,०००
• पडद्याचा स्टँड आणि जोडकेबल: २,००० ते ५,०००
• क्लँप, स्प्रिंग, दुहेरी अँटेना: ५,००० ते ९,०००
• वायर वगैरे: १,००० ते २,०००
• पट्ट्या: १,००० ते २,०००
• स्पीकर: १,००० ते २,५००
• मजुरी: २,००० ते ४,०००
एकूण ४२,००० ते ७४,५०० रुपये.

हॅमच्या दोन्ही पर्यायांत परीक्षा आणि परवान्याचे ११०० ते २१०० रुपये वेगळे धरा.

'आ' यादी पुन्हा वाचा. जागेशी थेट संबंध असलेल्या तीन ओळी म्हणजे वायर, पट्टी आणि मजुरी. त्यांची बेरीज २,२०० ते ४,५००. एकूण खर्चाच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. बजेट ताणलं गेलं की लोक याच तीन ओळी कापतात. कापायचंच असेल तर सेटमध्ये कापा. दुय्यम सेट चांगल्या जागी वर्षानुवर्षं काम देतो.

विम्याचंही बघा. गाडीत बाहेरून बसवलेली इलेक्ट्रिक उपकरणं पॉलिसीत नोंदवली नसतील तर त्यांची भरपाई मिळणार नाही. मोटार टॅरिफमध्ये यासाठी उपकरणाच्या किमतीच्या ४ टक्के जादा हप्ता ठरलेला होता. त्या हिशोबाने ४०,००० च्या सामानाला वर्षाला १,६०० रुपये. तुमची कंपनी आज काय आकारते, ते नूतनीकरणाच्या वेळी विचारा आणि बिलं जपून ठेवा. कंपनीची मूळ वायरिंग कुठेही कापू नका, म्हणजे वॉरंटीवरून वाद होणार नाही.

इलेक्ट्रिशियनला काय सांगाल

गाडी सोडून निघून जाऊ नका, काम सुरू असताना थांबा. आणि आधीच या गोष्टी स्पष्ट सांगा:

• ड्रिल करण्याआधी पॅनेल उघडून मागे काय आहे ते दाखवा.
• मूळ वायरीत जोड नको, बॅटरीतून स्वतंत्र लाइन.
• लग दाबून आणि वर हीट-श्रिंक घालून लावा. नुसती टेप नको.
• खांबातून केबल नेताना ती पडदा-एअरबॅगच्या मागून न्या, पुढून नको.
• अँटेना जोडल्याशिवाय माइकचं बटण दाबू नका.

काम झालं की दारं बंद करून, इंजिन चालू ठेवून, मित्राच्या गाडीशी अर्धा किलोमीटरवरून बोलून बघा. मग खडबडीत रस्त्यावर तासभर फिरवून आणा आणि प्रत्येक नट पुन्हा आवळा. पैसे त्यानंतर द्या.

त्या जुलैनंतर मी नवा, सुटा होणारा पडदा असलेला सेट घेतला. डबा मागच्या चाकाच्या कमानीवर गेला, पडदा डॅशच्या मध्यावर, माइक भावाच्या गुडघ्यापाशी. वायर, पट्टी, रिले आणि मजुरी मिळून ३,४०० रुपये लागले. पुढच्या पावसाळ्यात आम्ही त्याच ओढ्यावर गेलो. पाणी आदल्या वर्षीएवढंच होतं, दगडही तिथेच होता. भावाने माइक उचलला आणि मागच्या गाडीला म्हणाला, "डावीकडून ये."

पुठ्ठ्याचा तो डबा मी टाकलेला नाही. आमच्यातला कुणी नवा रेडिओ घ्यायचं म्हणाला की आधी तो त्याच्या घरी जातो. आता त्याच्यावर पाच-सहा गाड्यांच्या टेपचे थर आहेत. तुम्हीही तुमचा डबा या शनिवारी रात्री करून ठेवा. रविवारी निघायला बरं.